आधी ब्रेक, मग रंग

कुंभार्ली घाट उतरून आलेला ट्रक ओळखायला पोफळीत कुणाला डोळे लागत नाहीत. कराडकडून येणारी भरलेली गाडी शेवटचे वळण सोडून सपाटीला लागली की जळक्या लायनरचा करपट वास रस्त्याकडेच्या घरांत शिरतो. चहाच्या टपरीवर बसलेला माणूस नाक वर करून म्हणतो, "आला, तापून आला." उलट चिपळूणकडून वर निघालेल्या जुन्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. त्या अर्ध्या घाटात बॉनेट उघडून, तोंडातून वाफ काढत उभ्या असतात. उतरताना ब्रेक आणि चढताना रेडिएटर, घाट जुन्या गाडीची परीक्षा घेतो ती याच दोन विषयांत.

हे लिहिण्याचे कारण म्हणजे आमच्या घरची फियाट. गेले वर्षभर शाळेच्या सुट्ट्या आणि बरेचसे रविवार आम्ही तिच्याखाली घालवले. आमच्यासारखी एखादी जुनी फियाट, अँबेसिडर किंवा जीप आजही कोकणातल्या अनेक घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी आहे. कुणी वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, कुणी आखातातून आलेल्या पहिल्या पैशात घेतली म्हणून. आता लग्नात नवऱ्या मुलाला जुन्या गाडीतून न्यायची हौस आली आहे. मुले मोबाइलवर चकचकीत गाड्या पाहतात आणि घरी येऊन म्हणतात, "आपलीपण रंगवून काढू या." आमच्या भाच्यानेही तेच म्हटले. निकाह कराडला ठरला होता आणि वरात फियाटमधून घाट चढून जावी असा त्याचा हट्ट होता.

गाडी आमच्या मरहूम चाचांची. चाचा जहाजावर नोकरीला होते. त्यांनी हौसेने घेतलेली 1968 ची फियाट अकराशे, तिला सगळे 'डिलाइट' म्हणत. ही गाडी मुंबईत कुर्ल्याला बनायची. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि पुढे इटलीच्या फियाटशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. 'डिलाइट' 1964 ची. हीच गाडी थोडे रूप बदलून 1974 पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात ओळखीची झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. कोकणातून मुंबईला गेलेल्या कितीतरी कुटुंबांचे पहिले सामान हिच्याच टपावर बांधून घरी पोहोचले असेल.

(फियाटचा विषय निघाला की आमच्या घरात जीपवाले लगेच उठतात. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, ज्या कंपनीने जीप भारतात आणली तिचे 1945 मधले पहिले नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. त्यातले मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मुहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. कंपनीचे नाव 1948 मध्ये बदलले.)

चाचांच्या इंतकालानंतर अठरा वर्षे गाडी जागची हलली नव्हती. भंगारवाला दोनदा येऊन गेला. चाचीने दोन्ही वेळा त्याला पाणी पाजून परत पाठवले. भाच्याचा हट्ट ऐकून मात्र तिने एकच अट घातली. "रंग लावायचा तर लावा. पण त्यात माणसं बसणार असतील तर आधी ती थांबते का ते मला दाखवा."

चाचीच्या या वाक्यात गाडी दुरुस्तीचा सगळा क्रम आला. बाजारात चालते ते उलटे. आधी रंग, मग सीट कव्हर, मग गाणी वाजवायचा डबा, आणि पैसे उरले तर ब्रेक. आम्ही अशी एक गाडी पाहिली होती. वरून आरशासारखी चमकत होती आणि मागच्या चाकाच्या सिलिंडरमधून तेल गळून टायरच्या आतल्या बाजूला ओघळ आला होता. मालक मोठ्या अभिमानाने रंग किती कोट दिला ते सांगत होते.

विज्ञानाच्या मास्तरांची माफी मागून इथे थोडे गणित करतो. पोफळी म्हटले की लोकांना कोयनेचे वीजघर आठवते. वर शिवाजीसागराचे पाणी आहे, खाली डोंगराच्या पोटात टर्बाइन आहेत, आणि पाणी त्या उंचीवरून खाली येताना वीज देते. घाट उतरणारी गाडीही तेच करते, फक्त तिच्या उंचीची वीज होत नाही, उष्णता होते. फियाटचे वजन सुमारे 900 किलो. पाच माणसे आणि सामान मिळून 1200 किलो धरा. उतार 500 मीटरचा धरा. तर गाडी खाली येईपर्यंत साधारण 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या उष्णतेत वीस लिटर साधे पाणी उकळीला येईल. उतरायला वीस मिनिटे लागली आणि सगळे काम ब्रेकवर टाकले, तर चार ड्रमांत मिळून हजार वॉटच्या पाच इस्त्र्या वीस मिनिटे चालू ठेवल्यासारखे आहे. करपट वास येतो त्याचे कारण हे.

ड्रम तापले की दोन गोष्टी होतात. लायनर गुळगुळीत होऊन धरेनासे होते, पॅडल कडक लागते पण गाडी थांबत नाही. दुसरी गोष्ट अधिक वाईट. उष्णता सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते आणि ते उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पॅडल एकदम तळाला जाते. आता ब्रेक ऑइलची खोड अशी की ते हवेतले पाणी ओढून घेते. डॉट 3 जातीचे ताजे तेल 205 अंशांपर्यंत टिकले पाहिजे असे प्रमाण आहे. त्यात थोडे पाणी मुरले की हीच मर्यादा 140 पर्यंत खाली येते. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात डबीचे झाकण नीट न लावलेले तेल किती पाणी पीत असेल, याचा विचार ज्याने त्याने करावा. आमच्या गाडीतले तेल चाचांच्या हयातीतले होते. बाटलीत काढले तर काळ्या चहासारखे दिसले.

चिपळूणमधल्या ज्या मिस्त्रींनी आम्हाला हे काम शिकवले त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. (भाषेच्या शिक्षकाला हे गॅरेज म्हणजे मेजवानी. मिस्त्री आणि चावी पोर्तुगीजांकडून आले, उस्ताद आणि शागिर्द फारसीतून, ब्रेक आणि क्लच इंग्रजीतून, आणि शिव्या मात्र अस्सल मराठी.) उस्तादांचा पहिला हुकूम होता की इंजिन सुरू करण्याच्या फंदात पडायचे नाही. "जी गाडी थांबत नाही ती चालू कशाला करता?"

चारही ड्रम गंजून शूजना चिकटले होते. गंज सुटायचे तेल मारून दोन दिवस ठेवले, मग लाकडी ठोकळा धरून कडेकडेने ठोकले, तेव्हा निघाले. आत काळी भुकटी होती. इथे एक गोष्ट घरच्या मंडळींनी नीट ऐकावी. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ती भुकटी फुंकून किंवा कंप्रेसरच्या हवेने उडवायची नसते. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुफ्फुसात गेले तर कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करायचे, तोंडाला नीट मास्क लावायचा, आणि मुलांना त्या दिवशी लांब ठेवायचे. आजही काही गॅरेजांत पोरगेलेसे शागिर्द हवेच्या पाइपने ड्रम साफ करताना दिसतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवे.

चाकांच्या सिलिंडरमधले पिस्टन गंजून बसले होते. दोन सिलिंडर घासून वाचले, दोन बदलावे लागले. मास्टर सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले होते. खड्डे असले की नवे रबर घालून उपयोग नाही, ते चार दिवसांत कापले जाते. म्हणून तो पूर्ण बदलला. जुन्या गाड्यांत बहुधा ब्रेकचे एकच सर्किट असते, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किटे असतात, एक गेले तर दुसरे राहते. ही सोय आपल्याकडे नाही हे लक्षात ठेवून जुन्या गाडीतला एकही पाइप 'चालेल' म्हणून सोडू नये. आमचे लोखंडी पाइप वरून ठीक दिसत होते, क्लिपा काढल्या तर खाली गंजून कागदासारखे झालेले. सगळे नवे घातले.

रबरी होसची गंमत वेगळी. बाहेरून तडा नाही, गळती नाही, पण आतून रबर फुगलेले. पॅडल दाबले की जोराने तेल पुढे जाते, सोडले की परत येत नाही, आणि चाक धरून राहते. अनेकजण यासाठी ड्रम पुन्हा पुन्हा खोलून बसतात. वीस-तीस वर्षांचा होस तपासत बसू नये, बदलून टाकावा.

ड्रम लेथवर फिरवून आणले. शूजना बिनॲस्बेस्टॉसची नवी लायनर लावली. आता राहिले होते पाइपांतली हवा काढणे. हे काम दोघांचे, आणि आमच्या घरी ते सगळ्यांचे झाले. पॅडलवर भाची बसली, चाकाखाली आम्ही, आणि आवाज सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा. "दाब! धर! सोड!" मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची, निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक तेलात बुडवायचे, आणि बुडबुडे थांबेपर्यंत करत राहायचे. नळीतून निघालेले तेल पुन्हा वापरायचे नाही. ते रंगावर सांडले तर रंग सोलून निघतो, हे एक कारणच पुरेसे आहे आधी ब्रेक करायला. तिसऱ्या चाकाला भाचीचा पाय दुखायला लागला तेव्हा चाची स्वतः सीटवर बसली. तिने आयुष्यात गाडी चालवलेली नाही. पण "दाब" म्हटल्यावर तिने पॅडल असे दाबून धरले की उस्ताद म्हणाले, "चाची, तुम्ही रोज या."

गाडी थांबू लागल्यावर इंजिनाच्या पाण्याकडे वळलो. घाट चढताना गाडीचा वेग वीस-पंचवीस, म्हणजे समोरून वारा नाही, आणि इंजिन मात्र पूर्ण जोर लावत असते. पाण्याने उष्णता रेडिएटरपर्यंत नेली नाही तर पाच मिनिटांत वाफ होते. आमच्या रेडिएटरची तोटी सोडली तर आधी काहीच आले नाही. तार घातली तेव्हा लाल माती आली. अठरा वर्षांचा गंज तळाला बसला होता.

जुन्या रेडिएटरची चांगली गोष्ट म्हणजे तो तांब्या-पितळेचा असतो. वरची टाकी झाळ वितळवून काढता येते, एकेका नळीतून पट्टी फिरवून गाळ काढता येतो आणि टाकी पुन्हा झाळता येते. हे करणारे हात आता कमी राहिले आहेत, कारण नव्या गाड्यांचे ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकचे रेडिएटर फेकून नवा घालायचा रिवाज आहे. तुमच्या गावात असा कारागीर असेल तर त्याच्याकडे जुना रेडिएटर जपून न्या, बदलायची घाई करू नका. इंजिनाचा ब्लॉक आम्ही उलट दिशेने पाणी सोडून धुतला, साध्या बागेच्या पाइपने. पहिला अर्धा तास अंगणात गेरू कालवल्यासारखे पाणी वाहत होते. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या गोल पत्र्याच्या डम्या बोटाने दाबल्या तर एक आत गेली. ती घाटात गेली असती तर सगळे पाणी रस्त्यावर. चारही बदलल्या.

थर्मोस्टॅटची तपासणी स्वयंपाकघरात झाली. एका जुन्या पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट आणि शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. ऐंशी अंशांच्या पुढे तो हळूहळू उघडायला हवा. आमचा पाणी खळखळले तरी मख्ख बसून राहिला. पुष्कळ ठिकाणी असा थर्मोस्टॅट काढून टाकतात आणि "आपल्याकडे गरम हवा, कशाला पाहिजे?" म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. थंड राहिलेले इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते. पावसाळ्यात पोफळीहून चिपळूणपर्यंत ते नीट गरमही होत नाही. नवा घातला. (पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरायचे नाही, हे आम्हाला सांगावे लागले नाही. घरात ते दोन आठवडे ऐकवण्यात आले.)

रेडिएटरच्या झाकणाला लोक फक्त झाकण समजतात. ते प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे आहे. आत अर्धा बार दाब धरला तर पाणी शंभराऐवजी सुमारे 111 अंशांना उकळते, आणि घाटात हे अकरा अंशच उपयोगी पडतात. झाकणाचे रबर फाटले असेल तर नवा रेडिएटरही उकळेल. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटला की आतले पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. घाटात गाडी तापली तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, बॉनेट उघडा आणि निदान अर्धा तास थांबा. थंड पाणी एकदम तापलेल्या इंजिनात ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो. कधीकधी इंजिन ठीक असते आणि पेट्रोल पंपच तापून त्यात वाफ धरते, गाडी बंद पडते. तेव्हा जुने ड्रायव्हर पंपावर ओले फडके टाकून बसत. ही युक्ती आजही चालते.

कूलंट आम्ही डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे घातले, विहिरीचे पाणी नाही. कूलंटमुळे गंज थांबतो. पण त्यातला इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी आहे. थोडा पोटात गेला तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मांजर, कुत्रे, लहान मूल, कुणाच्याही हाती लागेल असे ते ठेवू नका. रिकाम्या सरबताच्या बाटलीत तर अजिबात भरू नका. गळलेले कूलंट अंगणात तसेच सोडू नका, पाण्याने धुऊन टाका.

2021 च्या 22 जुलैचा चिपळूणचा पूर आठवतो त्यांना हेही सांगायला हवे की पाण्यातून गेलेल्या ड्रम ब्रेकवर लगेच भरवसा ठेवू नये. पाणी ड्रममध्ये शिरते आणि लायनर घसरते. पाण्यातून बाहेर आल्यावर सावकाश चालवत हलका ब्रेक लावून ते सुकवावे लागते. पुरात गाडी बुडलीच असेल तर ड्रम खोलून चिखल काढल्याशिवाय ती रस्त्यावर आणूच नये.

गाडी तयार झाली तेव्हा भाच्याच्या निकाहला तीन आठवडे होते. पहिले आठ दिवस फक्त वाडीच्या रस्त्यावर फिरवली, नवी लायनर ड्रमला बसेपर्यंत. मग एका पहाटे फजरनंतर उस्ताद, भाचा आणि आम्ही घाटाला निघालो. बिस्मिल्लाह म्हणून गाडी सुरू करावी हे खरेच, पण पॅडल तीनदा दाबून पाहिल्यावर. चढताना दोन ठिकाणी थांबून पाणी तपासले. कुठे वाफ नाही. हेळवाकपर्यंत गेलो आणि परत वळलो. उतरताना नियम एकच, ज्या गिअरमध्ये ती जागा चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे अर्धे ओझे इंजिन घेते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्या मागेपुढे आपली गाडी नसावी एवढीच दुआ.

पायथ्याला उतरून उस्तादांनी एकेका चाकाजवळ हात नेला. तीन ड्रम सारखे गरम होते. मागचा डावा जास्त. ब्रेकचे ॲडजस्टमेंट थोडे घट्ट राहिले होते, ते जागच्या जागी सैल केले. पण उस्तादांनी भाच्याकडे पाहून सांगितले, "ही चढेल आणि उतरेलही. पण लग्नाच्या दिवशी पाच माणसं, गर्दी, घाई आणि मागे भरलेले ट्रक. त्या दिवशी नको." भाचा थोडा रुसला. चाचीने उस्तादांची बाजू घेतली. निकाहला सगळे बसने गेले आणि वलिम्याच्या दिवशी नवरा-नवरी फियाटमधून चिपळूणच्या हॉलवर गेले, सपाट रस्त्याने. रंग तोपर्यंत झाला नव्हता. जुनाच करडा रंग, त्यावर मोगऱ्याचे हार.

कागदपत्रांबद्दल बरेचजण विचारतात. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, ती दहा वर्षे चालते आणि नंबरात 'व्हीए' अक्षरे येतात. आमची गाडी वयाने बसते. पण या नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच परवानगी, आणि भाड्याने तर नाहीच. चाचीला जुम्याच्या बाजाराला गाडीतून जायचे आहे. म्हणून आम्ही साध्या नोंदणीचे नूतनीकरण करायचे ठरवले. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी होऊन वाढवली जाते. तपासणीत ब्रेकही पाहतात, आणि त्याची आम्हाला आता काळजी नाही.

ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख चाचीने पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे. दोन वर्षांनी पुन्हा बदलायचे. त्याच्या शेजारी भाच्याने रंगाच्या तीन छटांचे पट्टे ओढून ठेवले आहेत. त्यातला कोणता, यावर घरात अजून एकमत नाही.